खिचडीवर पुटपुटणारी बाई

मंगळवार, ७ जानेवारी

आज मला शाळेतून घरी पाठवलं. ज्ञानेश सरांनी. हेडमास्तर आहेत, माणूस चांगला आहे, पण चांगल्या माणसाला ताठ उभं राहता येतंच असं नाही. किचन शेडच्या दारात उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हाळसाबाई, चार दिवस घरी थांबा. वातावरण जरा तापलंय."

मी म्हणाले, "सर, वातावरणाचं मला ठाव न्हाय. हितं भगुनं तापलंय. तांदूळ टाकू का नगं, तेवढं सांगा."

सर व्हरांड्याकडे वळले. मी गॅस बंद केला, हात धुतले आणि चालू लागले. भिजवलेली मटकी तशीच राहिली. माझी मदतनीस कुशाबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती, तिनं मान वर केली नाही.

घरी आल्यापासून भांडी घासतेय. घासलेलीच परत घासतेय. श्रेया नववीला आहे, ती अभ्यास सोडून बाहेर आली. म्हणाली, "आई, भांड्यांना पोचे पडतील. त्यापेक्षा लिही." खताच्या दुकानातून फुकट मिळालेली ही डायरी तिनंच दिली. पहिल्या पानावर डाळिंबाच्या औषधाची जाहिरात आहे. असू दे. मी बारावी पास आहे, मला लिहिता येतं.

तर लिहिते. निरवांगीच्या पुढं आमची वस्ती, आणि वस्तीवरच्या शाळेत मी पोरांचा पोषण आहार शिजवते. श्रेया पहिलीत होती तेव्हापासून. आजपर्यंत एका पोराचं पोट दुखलं नाही. डिसेंबरात मी बारामतीला जाऊन बाप्तिस्मा घेतला. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तो सगळ्या वस्तीच्या फोनवर फिरला. पाण्यातून वर येताना माझं तोंड कसं दिसतं, यावर लोक चहाच्या टपरीवर हसले म्हणे.

ते हसणंही सोसलं होतं मी. पण शिजवायला नको म्हणणं? हात तेच आहेत ना माझे?

बुधवार, ८ जानेवारी

कुणी आग लावली ते आज कळलं. कुशाबाईनं.

शाळेच्या समितीपुढं जाऊन सांगितलं, "ती खिचडीवर तोंडातल्या तोंडात पुटपुटती. मगच वाढती." झालं. आता वस्तीभर असं झालंय की म्हाळसा मंत्र टाकून पोरं बाटवते.

पुटपुटते मी, खोटं नाही. "प्रभू, कुणा लेकराला बाधू नये." एवढंच म्हणते. कुशाबाईला हे माहीत आहे. एकदा तिनं विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. ते मात्र तिला समितीपुढं आठवलं नाही. तिचा नवरा गेला तेव्हा महिनाभर तिच्या वाटची भांडी मी घासली होती. मला वाटायचं, जगात मला कुणी ओळखत असेल तर ही बाई.

संध्याकाळी थोरले दीर आले, मानसिंग भावजी. तेच समितीचे अध्यक्ष. माझे मालक अजित दारात पिकअपच्या टायरात हवा बघत होते.

भावजी म्हणाले, "अजित, तुझ्या बायकुला आवर."

हे म्हणाले, "माझं कुठं ऐकती, दादा. तुजं ऐकतीया का बघ."

असं बोलतात का? स्वतःच्या बायकोसाठी एक शब्द नाही. टायरच्या आड तोंड घालून बसले.

मग भावजी माझ्याकडे वळले. "काय दिलं गं त्यांनी तुला? तांदळाचं पोतं? लोक म्हणत्यात, पोत्यावर बाटली."

"काय दिलं न्हाय, भावजी. घरात येऊन बघा. तांदळाचं पोतं मी शाळंतच बघितलंय, आन् त्याला कुलूप असतंय."

"मग कशापायी?"

ह्याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि त्याचाच जास्त राग येतोय. भावजींना काय सांगू? श्रेयाच्या पाठचं माझं बाळ बारामतीच्या दवाखान्यात गेलं. सगळे म्हणाले, देवाची मर्जी, पुढच्या वेळी होईल, रडू नको, दूध चढेल. तिथं मोनाताई म्हणून आयाबाई होती. तिनं काही सांगितलं नाही. माझ्या शेजारी फरशीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आमचा प्रभू पण रडला होता. दोस्त मेला तेव्हा. सगळ्यांदेखत." रडणारा देव मी कधी ऐकला नव्हता. तिच्या मागं मागं गेले, ती गेलेच. यात पोतं कुठं आलं?

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या भागूबाई आत्यांनी, आज ओसरीत वेगळी चूल मांडली. म्हणाल्या, "मला तुझ्या हातचं पाणी नगं." मी म्हणाले, बरं. पण पीठ मळायला त्यांचे गुडघे वाकत नाहीत. श्रेयाला सांगितलं, तू मळून दे.

रविवार, १२ जानेवारी

बारामतीला प्रार्थनेला गेले. वाटलं, निदान तिथं तरी कुणी विचारेल. ह्यांना बाजारात भाजी टाकायची असते, मला चौकात सोडतात आणि परत नेतात. आत कधी येत नाहीत.

पास्टर रणदिवेंनी आज प्रभूच्या गावची गोष्ट सांगितली. ज्या गावात तो वाढला, जिथं त्याची आई, भाऊ सगळ्यांच्या ओळखीचे, त्याच गावानं त्याला धरून कड्यापर्यंत ढकलत नेलं. ढकलून द्यायला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्याला ढकललं म्हणून बरं वाटलं नाही. त्याला ठाऊक आहे म्हणून.

पण पुढं चहा झाला आणि सगळ्यावर पाणी पडलं. साळवेबाई म्हणून आहेत. दवाखान्यात नर्स, चर्चच्या मंडळीतलं जुनं घराणं, त्यांचा शब्द चालतो. मला म्हणाल्या, "तुम्ही स्वयंपाकीण ना? मग चहाचं तुम्हीच बघत जा. आणि ते नाव बदला आता. म्हाळसा हे देवीचं नाव. मार्था ठेवा."

मी म्हणाले, "नाव माझ्या बानं ठेवलंय. मेंढरं घेऊन कोकणात गेला होता, मी तिकडं माळावर जन्मले. बाला पोरगी झाल्याचा आनंद झाला म्हणून हे नाव. ते बदलायचं नाही."

साळवेबाईंनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माझे आजोबा तुमच्याच भागातले. तिथं त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्हाला बाप्तिस्मा घेऊन आता महिना झालाय, बाई. लगेच मान मागू नका."

त्यांच्या आजोबांना पाणी वरून ओतलं, त्यात माझा काय दोष? मी ओतलं का? मी रागानं कप तसाच ठेवून बाहेर आले. पास्टर मागून आले, म्हणाले, "सिस्टर, नाव राहू द्या, काही बिघडत नाही." त्यांचं खरं, पण ते सगळ्यांदेखत का नाही म्हणाले?

इथं बाटलेली आणि तिथं गावठी. मी जायचं कुठं?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या धोंडाबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. बोलावणं नव्हतं, पण दरवर्षी जाते, म्हणून तिळगूळ घेऊन गेले. बायका एका ओळीत बसल्या होत्या. कुंकू लावत लावत धोंडाबाई माझ्यापाशी आल्या आणि मला ओलांडून पुढच्या बाईकडे गेल्या. नुसतं ओलांडून. मी तिथं नाहीच असं.

मला तहान लागली होती, म्हणून पाणी मागितलं. धोंडाबाईंची सून तांब्या घेऊन आली. पेला दिला नाही. म्हणाली, "हात धरा, वैनी." आणि वरून ओतलं.

मी प्याले. का प्याले कळत नाही. साळवेबाई म्हणत होत्या, ते हेच का?

घरी येऊन तिळगूळ कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी खाल्ला.

सोमवार, २० जानेवारी

ह्यांच्या कपाळाला खोक पडलीय. तीन टाके. म्हणतात, पिकअपचा फाळका अंगावर आला. आयुष्यभर तोच फाळका उघडतायत, आजच कसा अंगावर आला? बेफिकीर माणूस. मी हळद लावत बडबड करत होते आणि हे हसत होते. मला इथं जगणं नकोसं झालंय आणि ह्यांना हसू येतंय.

भावजींचा निरोप आला. श्रेयाच्या हातून, स्वतः आले नाहीत. रविवारी २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेत सगळे जमतील. तिथं मी कपाळाला खंडोबाचा भंडारा लावून घ्यायचा आणि म्हणायचं की बारामतीला परत जाणार नाही. मग दुसऱ्या दिवसापासून काम परत. विषय संपला.

ह्याला कुणी वाईट निरोप म्हणणार नाही. ज्ञानेश सरही फोनवर म्हणाले, "म्हाळसाबाई, कपाळाला चिमूटभर लावायचं. मनात काय ठेवायचं ते ठेवा. कोण बघायला येतंय?"

मनात काय ठेवायचं ते ठेवा. म्हणजे तोंडानं एक आणि मनात एक. पोरांना हेच शिकवतात काय शाळेत?

शनिवार, २५ जानेवारी

झोप लागत नाही, चित्त लागत नाही. खरं लिहायचं तर भंडाऱ्याचा मला राग नाही. बा कळपातून घरी आला की पहिल्यांदा माझ्या कपाळाला भंडारा लावायचा. त्याच्या बोटांना लोकरीचा वास यायचा. आजही पिवळा रंग बघितला की बा आठवतो. मी त्याला नाव ठेवणार नाही, आणि कुणी ठेवलेलं ऐकून घेणार नाही, साळवेबाईंनी ठेवलं तरी.

काम पाहिजे मला. नुसत्या पगारासाठी नाही. सकाळी पोरं खिडकीतून डोकावून विचारतात, "काकी, आज काय?" ते पाहिजे. रविवारी एक वाक्य बोलले की ते परत मिळतंय. कुणाचं काय नुकसान होतंय?

ह्यांना विचारलं, काय करू? म्हणाले, "तुला जे खरं वाटतंय ते." झालं. ह्यापेक्षा टायरला विचारलं असतं तर बरं.

रविवार, २६ जानेवारी

आज शाळेत गेले.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलबी वाटली, आणि मोठी माणसं व्हरांड्यात बसली. भावजी खुर्चीवर. समोर ताटलीत भंडारा. कुशाबाई बायकांच्या मागं, भिंतीला टेकून.

भावजी म्हणाले, "म्हाळसा, ये. लावून घे आन् दोन शब्द बोल."

मी पुढं गेले. ताटलीकडे बघितलं आणि बा आठवला. मग बोलले. कसं बोलले ठाऊक नाही, आवाज फाटत होता.

"भावजी, भंडारा मला वाईट न्हाय. माझ्या बानं लावला तवा तो मायेनं लावला. तुमी लावताय ते मला खोटं बोलाया लावायला. मी बारामतीला जानार न्हाय आसं म्हनले तर ते खोटं हाय. मी जानार. मग खोटं बोललेल्या बाईच्या हातचं तुमच्या पोरास्नी चालंल काय?"

मग मागून कुणी तरुण पोरगं म्हणालं, "पोत्याला जागतीया." हशा झाला.

आणि आत्या उठल्या. भागूबाई आत्या, गुडघे न वाकणाऱ्या. काठी टेकत त्या पोरापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "ती माझी सून हाय. तिला मी बोलंन. शिव्या द्यायच्या तर मी दीन. तू कोन रं? तुझ्या आईला माझ्या म्होरं आन."

पोरगं मागं सरकलं. भावजी आईकडे बघून मान खाली घालून बसले. पण निर्णय झाला तो झालाच. माझं काम गेलं. कुशाबाई आता मुख्य स्वयंपाकीण, आणि तिच्या हाताखाली दुसरी कुणीतरी येणार. कुशाबाईनं हो म्हटलं. हो म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

घरी येताना आत्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी झटकला. "तुला बोलायची अक्कल न्हाय. चार गोष्टी गुंडाळून बोलायच्या असत्यात." ओसरीत जाऊन स्वतःच्या माठातलं पाणी प्याल्या. ही म्हातारी कुणाच्या बाजूची आहे, मला अजून कळलेलं नाही.

प्रभू त्या गावातून लोकांच्या मधून वाट काढून निघून गेला होता. त्याला जायला रस्ता होता. माझं घर इथंच आहे. मी इथंच राहणार, आणि रोज ह्यांचं तोंड बघणार.

रविवार, २ फेब्रुवारी

बारामतीला गेले नाही. ज्याच्यासाठी सगळं गमावलं, त्याच्या घरी मी चहा करायची बाई. नको.

प्रार्थनाही केली नाही. नुसतं म्हटलं, "बघतोयस ना?"

गुरुवार, ६ फेब्रुवारी

श्रेयानं आज सांगितलं. तिला सृष्टीनं, भावजींच्या मुलीनं, शाळेत सांगितलं. फाळका वगैरे काही नाही. टपरीवर दोघं जण माझं नाव घेऊन घाण बोलत होते. हे म्हणाले, गप बसा. ते बसले नाहीत. मग खोक पडली. म्हणे, ह्यांनी हात उचललाच नाही, नुसते मधे उभे राहिले आणि परत परत म्हणत राहिले, गप बसा.

मी ह्यांना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "तू लय रागात व्हतीस. आनखी कशाला."

मग मी आणखी रागावले. ह्यांच्यावर, टपरीवर, सगळ्यावर. जेवायला वाढताना मात्र भाकरीवर तूप जास्त पडलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी हॉर्न वाजत राहिला. बाहेर गेले तर हे गाडीत बसलेले. "चल. बारामतीला भाजी टाकायचीय. एकट्याला करमत न्हाय."

मी म्हणाले, मी प्रार्थनेला जाणार नाही. म्हणाले, नको जाऊ, गाडीत बस. गाडी मागून रिकामी होती. विचारलं, भाजी कुठाय? म्हणाले, वाटेत भरायची. वाटेत कुठंच थांबले नाहीत. विसरले असतील.

चौकात गाडी उभी केली आणि इंजिन बंद करून बसून राहिले. आतून गाण्याचा आवाज येत होता. किती वेळ बसणार? उतरले आणि आत गेले. मोनाताई सरकली, तिच्या शेजारी बसले. साळवेबाईंकडे बघितलं नाही. त्यांच्यासाठी आलेच नव्हते मी.

चहाला थांबले नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज काय झालं ते क्रमानं लिहिते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

मधल्या सुट्टीच्या आधी शाळेकडून ओरडा ऐकू आला. मी गवारीच्या वावरात होते. पळत गेले. कुशाबाई किचन शेडच्या दारात बसली होती आणि डाव्या हातावरून, मांडीवरून वाफा येत होत्या. नव्या मदतनीस बाईनं भगुन्याची एक बाजू सोडली होती. उकळती खिचडी सगळी हिच्या अंगावर. नशीब, पोरं वर्गात होती. बायका जमल्या होत्या. एक हळद आणत होती, एक शाई लावा म्हणत होती. कुशाबाई ओरडत नव्हती, नुसता आ केला होता.

मला आधी काय वाटलं ते लिहिते, कारण ही डायरी माझीच आहे. वाटलं, बरं झालं. एक क्षण वाटलं. मग तिचे डोळे दिसले.

दवाखान्यातलं कोण ओळखीचं? एकच नाव आठवलं, आणि त्या बाईचं तोंड मला बघायचं नव्हतं. मोनाताईकडून नंबर घेतला आणि लावला. "साळवेबाई, मी निरवांगीकडची..."

"म्हाळसा ना? बोल."

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही लावू देऊ नको. हळद नको, काही नको. साधं पाणी सोडत राहा. मी दारात उभी राहते, घेऊन ये."

मी बायकांना बाजूला सारलं. सगळ्या बाजूला झाल्याही, कुणाला माझ्या हाताचं सुचलं नाही. नळाखाली तिचा हात धरला. हे पिकअप घेऊन आले. मागं गादी टाकली, कुशाबाईला निजवलं, मी तिच्या डोक्याशी बसले. इंदापूरचा फाटा ओलांडला तेव्हा तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "म्हाळसा, तू कशाला आलीस?"

मी म्हणाले, "गप बस."

साळवेबाई खरंच दारात उभ्या होत्या, पांढऱ्या कपड्यात, स्ट्रेचर घेऊन. जीव वाचतोय, हात वाचतोय. मांडीवर डाग राहतील. निघताना त्यांनी मला बाकावर बसवलं आणि पाण्याचा पेला हातात दिला. पेला. भरलेला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कुशाबाईला घरी आणलं. तिचे मुलगे पुण्याला कंपनीत. एक येऊन बघून गेला, दुसऱ्यानं फोन केला. पट्टी एक दिवसाआड बदलायची. साळवेबाईंनी मला कसं करायचं ते शिकवलंय, दोनदा करून घेतलं आणि चुकलं की ओरडल्या. आता रोज तिच्या घरी जाते. भाकरी, औषध, पट्टी. तिच्याशी एक शब्द बोलत नाही. बोलले तर तोंडून काय निघेल सांगता येत नाही.

पास्टरांचा फोन आला, म्हणाले, सिस्टर, तुम्ही क्षमा केलीत, देवाची स्तुती असो. मी म्हणाले, पास्टर, मी काही क्षमा केलेली नाही. पट्टी बदलतेय. मी खोटं का बोलू?

शाळेत आता शिजवायला कुणी नाही. नवी बाई घाबरून पळाली. पोरं घरून डबा नेतात, आणि ज्यांच्या घरी सकाळी कुणी नसतं ती उपाशी बसतात. म्हाळसाच्या हातचं नको म्हणून उपाशी. शाबास.

शनिवार, १ मार्च

समितीची बैठक होती. ज्ञानेश सर स्वतः बोलवायला आले. ह्या वेळी तोंडाकडे बघून बोलले. म्हणाले, "या. मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे. आधी बोलायला पाहिजे होतं."

कुशाबाईला मी धरून नेलं, तिनंच हट्ट केला. हात गळ्यात बांधलेला. सरांनी मांडलं की पोरं उपाशी आहेत, म्हाळसाबाईंना परत बोलवू. भावजी म्हणाले, "पन त्या पुटपुटन्याचं काय?"

तेव्हा कुशाबाई उठली. तिला उभं राहायला त्रास होतो, म्हणून भिंत धरली.

"मानसिंगराव, मी तुमास्नी आर्दंच सांगितलं व्हतं. ती म्हनायची, कुना लेकराला बाधू नगं. रोज तेवढंच. मला ठावं व्हतं. लोक मला बी इच्यासंगट धरतील म्हून मी भ्याले."

भावजी म्हणाले, "बरं, बस आता."

"न्हाय बसत. आजून हाय. ही गेल्यावर मी एकटी शिजवत व्हते, तवा भगुनं उतरवायच्या येळंला माझ्या बी तोंडात तेच यायचं. इतकी वर्सं ऐकलंय, सवय लागली. मी बी पुटपुटले रोज. तुमची पोरं जेवली. कुनाला कळलं न्हाय. आता काढायचं तर मलाबी काढा."

कुणीतरी खोकलं. भावजींनी टोपी काढून परत घातली. शेवटी म्हणाले, "सोमवारपासनं म्हाळसानं यावं. ज्याला चालत न्हाय त्यानं डबा द्यावा." आणि उठले. चुकलं म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. कामावर ठेवून घेतलं, जसं काही उपकार.

कुशाबाईला धरून तिच्या घरापर्यंत नेलं. तिच्या दारात मात्र फुटले. "जानेवारीत कुठं गेली व्हती ही अक्कल? तवा आर्दं गिळलंस, आन् आता लोकांम्होरं शूर झालीस? मला वरनं पानी प्यावं लागलं. माझ्या मालकाच्या कपाळाला टाकं पडलं. श्रेयाला शाळंत पोत्याची पोरगी म्हनत्यात. तुला काय वाटलं, भिंत धरून दोन वाक्यं बोललीस म्हंजी फिटलं?"

शेजारच्या बायका दारात आल्या. येऊ दे. कुशाबाई उंबऱ्यावर बसली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उजव्या हातानं पुसत होती. म्हणाली, "फिटलं न्हाय. बोल तू. आजून बोल."

बोलायचं पुष्कळ होतं. पण पट्टी बदलायची वेळ टळून गेली होती, आणि साळवेबाईंनी बजावलंय की उशीर केला तर चिकटते.

"हात म्होरं कर," मी म्हणाले.

तिनं केला.